शकुनच्या इंजिनाची टुकटुक

अकोल्याच्या जठारपेठेत सुभद्राबाई चक्कीवालीचं घर कुणाला शोधावं लागत नसे. डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन नवी बाई आली तरी लोक एवढंच सांगत, "टुकटुक ऐकू येते ना? तिकडं जाय." टिनाच्या छपरातून वर गेलेलं धुराडं, त्यातून निघणारे धुराचे गोल गोल फुगे आणि त्यांच्या मागून येणारा तो संथ ठोका: टुक... टुक... टुक. गल्लीतली तान्ही पोरंसुद्धा त्या ठोक्यावर झोपायची.

पण बासष्ट सालच्या फाल्गुनात गल्लीत टुकटुकी दोन झाल्या. आणि दुसरी पहिलीपेक्षा दुप्पट घाईची होती.

ती दुसरी शकुनची. शकुन म्हणजे सुभद्राबाईची धाकटी जाऊ. दिवाळीनंतर भावाभावांत वाटणी झाली. भांडण नाही, तंटा नाही; थोरल्या खुशालरावांकडे घर आणि चक्की आली, धाकट्या सूर्यभानकडे गावाकडची काळी जमीन आली. सूर्यभाननं जमीन बटाईनं लावली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जागा घेऊन स्वतःची चक्की टाकली. इंजिन आणलं ते अमरावतीहून, सासऱ्याच्या ओळखीनं. नवंकोरं, हिरव्या रंगाचं, आटोपशीर. पूजेच्या दिवशी सुभद्राबाईनंच त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं आणि "छान हाय वो" म्हणून घरी आली. घरी येऊन तिनं उगाच सगळे पितळी डबे चिंचेनं घासले. घासताना तिच्या मनात एकच होतं: हिला शेवया वळायला मी शिकवलं, हिचं बाळंतपण मी केलं, पीठ चिमटीत घेऊन पारखायला मी शिकवलं, आणि आता माझ्याच तोंडासमोर ही टुकटुक!

माणसाच्या पोटात एकदा असलं काही शिरलं की ते देवपूजेलाही सोबत येतं. सुभद्राबाई मारुतीसमोर हात जोडून बसली की कान मात्र गल्लीच्या त्या टोकाला. आपलं इंजिन टुक म्हणेपर्यंत शकुनचं टुकटुक म्हणून मोकळं. तिला वाटे, आपण एक शेर दळतो तोवर तिकडं दोन शेर होत असतील.

सुभद्राबाई अमरावतीची, अंबादेवीच्या देवळामागच्या आळीतली. लग्न होऊन आली तेव्हा चक्कीच्या आवाजानं तिचं डोकं दुखायचं. सासूनं तिला हाताला धरून दगडापाशी बसवलं. "घाबरू नको पोरी. इंजिन पुरुषाचं, पीठ बाईचं. हात पुढं कर." आणि पन्हाळीतून पडणारं पीठ तिच्या तळव्यावर झेलवलं. बोटांच्या चिमटीत पीठ कसं लागतं, जवारीचं कसं, गव्हाचं कसं, दगड किती दाबायचा, किती सोडायचा, हे सगळं तिथून शिकली. तेव्हापासून खुशालराव इंजिनाचं हँडल मारणार, तेलपाणी बघणार. आणि दगडाचा पेच सुभद्राबाईच्या हातात. सासूनं आणखी एक नेम लावून दिला होता. दिवेलागणीला इंजिन बंद झालं की दगड झाडून जे शेवटचं पीठ निघे, त्याचा कणकेचा दिवा करायचा आणि मारुतीपुढं लावायचा. दिवसभराच्या दळणातलं देवाचं तेवढं.

आणि सासूची सगळ्यांत मोठी ठेव म्हणजे हनुमान जयंतीची सेवा. पेठेच्या मारुतीला त्या दिवशी रोडग्यांचा महाप्रसाद असतो. घरोघरचा गहू गोळा करायचा, जाडंभरडं दळायचं, त्याचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. त्या गव्हाचं दळण पहिल्यापासून या घरच्या चक्कीवर, देवाच्या नावानं, फुकट. सासू जाताना म्हणाली होती, "सुभद्रे, बाकी काही गेलं तरी चालेल, ही सेवा जाऊ देऊ नको."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पार्बताबाई आली. गहू गोळा करण्याचं सगळं तिच्याकडे. पेठेतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर जात नसत. आली ती दळणाच्या डब्यांच्या रांगेवरून पाय उचलून, बायकांच्या घोळक्यातून वाट काढत.

"काय वो सुभद्रे, हे तं बाजार भरला."

"बसा ना मावशी. चहा मांडतो."

"बसायले वेळ कुठं हाय? औंदा गहू जास्त होईन. नवीन घरं झाली ना तिकडं. एका दिवसात दळून पाह्यजे, ताजं. तुझ्या इथं पाहून राहिली मी, बाया सकाळपासून बसल्यात. आणि तिकडं शकुनकडं गेली का बाई लगेच परत. मले काय, मारुतीचं काम वेळेवर झालं पाह्यजे. जिथं लवकर होईन तिथं देऊ."

रांगेतली एक बाई हसली. "आमी तं बसतो ते सुभद्राबाईच्या गोष्टी ऐकाले वो!"

पण ते सुभद्राबाईच्या कानात शिरलंच नाही. तिच्या कानात एकच शब्द अडकला: लवकर.

त्या संध्याकाळी खुशालराव जेवायला बसले तेव्हा तिनं ताटात भाकर टाकली आणि म्हणाली, "अवो, आपलं इंजिन जोरात पळवा."

खुशालराव मवाळ माणूस. घास तोंडात धरूनच म्हणाले, "काहून? त्याले काय शर्यतीत धाडायचं हाय?"

"शकुनचं पाहा कसं पळते."

"शकुनचं शकुनपाशी. आपल्या इंजिनावर पितळी पाटी हाय. बनवणाऱ्यानं तिच्यावर चाल लिहून ठेवली. तो काय येडा होता?"

"त्यानं लिहिली तवा शकुन नवती."

खुशालराव हसले, आणि तिथंच चुकले. कारण सुभद्राबाई हसली नाही. दोन दिवस तिनं त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं आणि भाजीत मीठ कमी टाकलं. तिसऱ्या दिवशी खुशालरावांनी पान्हा हातात घेतला.

इंजिनाच्या बाजूला एक छोटी स्प्रिंग असते. चाल वाढली की ती डिझेल कमी करते, चाल पडली की वाढवते. ती त्यांनी आवळली. ठोका जलद झाला. सुभद्राबाईचा चेहरा उजळला. पण पट्टा घसरू लागला; इंजिन पळतंय आणि दगड मागेच. पट्ट्याला राळ चोळली. पट्टा धरला, तर टाकीतलं पाणी उकळायला लागलं. तिनं विहिरीचं गार पाणी बादलीनं ओतलं. पाणी निवलं, तरी तिला शकुनची बरोबरी वाटेना. मग जुन्या पट्ट्याचं कातडं शिवून इंजिनाच्या पुलीवर चढवलं, म्हणजे पुली जाड झाली आणि दगड आणखी जोरात फिरू लागला. आता खालचे बोल्ट हलायला लागले. ते आवळले. एवढ्या वेगात दाणा अर्धवट भरडून बाहेर पडू लागला, म्हणून सुभद्राबाईनं दगडाचा पेच दाबला. एक दुखणं बरं केलं की त्याच्या पाठीमागून दुसरं उभं राही, आणि दुसऱ्यावर औषध करताना पहिल्यावर काय केलं होतं याची आठवण कुणालाच नसे.

खुशालराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "अवं, एकाच वेळी सगळंच फिरवून राहिलो आपण. बिघडलं तं कशानं बिघडलं हे तरी समजन का?"

"बिघडत नाई. ऐका ना टुकटुक. आता झाली ना बरोबरी?"

झाली होती खरी. गल्लीच्या दोन्ही टोकांना दोन इंजिनं एकमेकांशी हमरीतुमरीवर आल्यासारखी ओरडत होती. सुभद्राबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दोन दिवसांनी मागच्या आळीतली एक बाई परात घेऊनच आली. परातीत जवारीचं पीठ मळलेलं.

"सुभद्राबाई, हे पाहा. थापाले घेतली का भाकर चिरते. विरी नाईच पिठाले. परातीतून उचलाले जावं तं दोन तुकडे."

"जुनी जवारी असन तुमची."

"औंदाची हाय वो! शेतातली."

"मग पाणी गार घेतलं असन."

जाताना त्या बाईनं आपला रिकामा डबा उचलून नेला, तो परत ठेवला नाही. दुसरीनं सांगितलं, पोळी फाटते. तिसरीनं नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाली, "काही जळल्यावानी येऊन राहिलं." सुभद्राबाईनं प्रत्येकीला वेगळं कारण दिलं: दाणा ओला, दाणा जुना, तुमचा तवा तापला नाही. पीठ पन्हाळीतून गरम पडतंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ज्या तळव्यावर सासूनं पीठ झेलवलं होतं तोच तळवा तिनं त्या दिवसांत पुढं करायचं टाळलं. हात पुढं केला असता तर चाल कमी करावी लागली असती.

रामनवमीच्या दिवशी देवळात जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि दुपारून इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात पट्टा उडाला. दगडाचं ओझं सुटल्याबरोबर इंजिन असं काही सैरावैरा पळू लागलं की टिनाचं छप्पर थरथरलं. बायका डबे टाकून रस्त्यावर धावल्या. खुशालरावांनी डिझेलची नळी बंद केली तेव्हा ते गुरगुरत, धापा टाकत थांबलं.

आणि त्या शांततेत गल्लीच्या टोकाकडून ऐकू आलं: टुकटुक टुकटुक टुकटुक. निवांत, न थकलेलं.

सुभद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भीतीचं नव्हतं. तिला वाटलं, शकुनचं इंजिन मला हसून राहिलं.

संध्याकाळी तिनं दगड झाडला, शेवटचं पीठ घेतलं, दिवा करायला कणीक मळली. कणीक हाताला चिकटेना, गोळाही धरेना. कशीबशी वाटी वळली, तेल घातलं, वात लावली, मारुतीपुढं ठेवली. हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा दिवा मधोमध चिरला होता आणि तेल पाटावरून ओघळून देवाच्या पायाशी आलं होतं. वात तडतडून विझली.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"सुभद्रे, वाईट मानू नको. माझ्याच घरी पोळ्या फाटल्या, सुनेनं रडून घर डोक्यावर घेतलं. औंदा सेवेचा गहू शकुनकडं देतो मी. देवाचं काम हाय, त्याच्यात नातं पाहाता येत नाई."

सुभद्राबाई "हो" म्हणाली. सासूचं वाक्य तिच्या कानात आदल्या दिवशीच्या पट्ट्यासारखं फटकन बसलं.

जे गेलं ते गेलं. पण कसं गेलं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला राहवेना. दुपारी ती हातात वाटी घेऊन शकुनच्या दारात गेली. विरजण मागायचं निमित्त. तिच्या स्वतःच्या शिंक्यावर दह्याचं गाडगं भरलेलं होतं.

"या बाई, या!" शकुन धडपडत उठली. पदर सावरला. चक्कीत एकही बाई नव्हती. एकही डबा नव्हता. इंजिन मात्र टुकटुक करत होतं आणि दगडावर दाणा नसताना पट्टा सोडून नुसतंच पळत होतं.

"दळण नाई?" सुभद्राबाईनं विचारलं.

"कुठलं दळण वो बाई!" शकुन एकदम बोलून गेली. "सकाळी दोन डबे आले ते झाले. तुमच्याकडं बाया रांग लावून बसतात, आमच्याकडं येते कोण? आमच्या यायनी सांगितलं, इंजिन चालू ठेव, लोकांले वाटलं पाह्यजे चक्की चालू हाय. म्हणून ठेवलं. डिझेल जाऊन राहिलं नुसतं."

सुभद्राबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. म्हणजे बायका इथून लगेच परत जात, त्या दळण लवकर होई म्हणून नाही. पुढं कुणी बसलेलंच नसे म्हणून.

"बरं, माझ्यासमोर एक पायली दळून दाखव," ती म्हणाली. "गेली सेवा तुझ्याकडं, पीठ कसं येते ते पाहू तरी दे."

शकुननं पट्टा चढवला. सुभद्राबाई खाली वाकून पाहू लागली. इंजिनाची पुली वाटीएवढी. दगडाची पुली परातीएवढी. इंजिन टुकटुक टुकटुक धावत होतं आणि दगड मात्र शांतपणे, जवळजवळ तिच्या स्वतःच्या जुन्या चालीनं फिरत होता. तिच्या घरच्या इंजिनाची पुली मोठी, म्हणून त्याचा एक संथ ठोका दगडाला तेवढंच पळवायचा. लहान पोराची पावलं जास्त पडतात, म्हणून ते बापाच्या पुढं जातं थोडंच! इतके दिवस ती धुराड्याचे ठोके मोजत होती आणि दगडाकडे पाहायचं राहिलं होतं.

तिनं तळवा पुढं केला. पीठ गार होतं. रवाळ, मोकळं, गव्हाचा गोड वास असलेलं.

खरं तर इथं तिच्या मनातली आग विझायला हवी होती. झालं उलटं. इतके दिवस खोट्या गोष्टीवर जळत होती. आता खऱ्या गोष्टीवर जळू लागली. पीठ खरंच चांगलं होतं. आणि ते पारखायला तिनंच शिकवलं होतं.

"बाई, विरजण?" शकुननं विचारलं.

"राहू दे. आठवलं, घरी हाय," म्हणून ती निघाली.

घरी येऊन तिनं खुशालरावांना सांगितलं, "सगळं काढा. पहिल्यासारखं करा."

"आता शहाणपण आलं?"

"बोलू नका. काढा."

कातडं उतरवलं, स्प्रिंग सैल केली, पट्ट्याची राळ पुसली, पेच सोडला. त्या संध्याकाळचा दिवा अखंड निघाला. दुसरी कुणी इथंच थांबली असती. पण सुभद्राबाईच्या जिवाला आता वेगळाच चाळा लागला. नेमकं बिघडलं कशानं? दुसऱ्या दिवशी तिनं फक्त स्प्रिंग थोडी आवळायला लावली, बाकी कशाला हात नाही. दिवा टिकला. त्यानंतर स्प्रिंग तशीच ठेवून नुसतं कातडं चढवलं. पीठ कोमट आलं आणि दिव्याच्या काठाला केसासारखी भेग पडली. कातडं कायमचं उतरलं. मग नुसता पेच दाबून पाहिला, पुन्हा भेग, पेच सोडला. जिथवर दिवा चिरत नाही तिथवर इंजिनाची चाल, हे तिनं ठरवून टाकलं, आणि स्प्रिंगच्या बोल्टवर कुंकवाचं बोट लावून खूण केली. पहिल्यापेक्षा थोडी जास्तच चाल मिळाली होती. बायका हळूहळू परत आल्या. मागच्या आळीतली परातवालीही आली, आणि "औंदाची जवारी हाय बरं" असं टोमण्यात सांगून बसली.

पण सेवा गेली ती गेलीच. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी गव्हाची पोती तिच्या दारावरूनच शकुनकडे गेली. पार्बताबाई पुढं, मागं हातगाडी. सुभद्राबाई दगड झाडत होती. मान वर केली नाही.

थोड्या वेळानं शकुनचं इंजिन सुरू झालं. सुभद्राबाईचा हात थांबला. ठोका बदलला होता. टुकटुक नव्हतं, टकटकटकटक, मध्येच अडखळून, पुन्हा टकटकटक. पट्टा घसरल्याची चर्रर्र. पुन्हा धाव. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि तिच्या ध्यानात सगळं आलं. स्प्रिंग आवळली. पुली जाड केली. सगळा गहू एका दिवसात उरकायचा म्हणून सूर्यभाननं तेच केलं होतं.

देवाधर्माच्या बाईच्या मनात येऊ नये ते तिच्या मनात आलं. जळू दे. होऊ दे पिठाचा कोळसा. उद्या सगळ्या पेठेसमोर रोडगे फुटू देत, मग पार्बतामावशीला समजेल. तिनं मनातल्या मनात रोडगे आरावर फुटताना पाहिले, पार्बताबाईचं तोंड पाहिलं, शकुनचं खाली गेलेलं डोकं पाहिलं. फार गोड वाटलं. वर्षभरात इतकं गोड काही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दारात शकुन उभी. अनवाणी, पदर पिठानं पांढरा, ओंजळ मिटलेली.

"बाई, हात करा."

सुभद्राबाईनं तळवा पुढं केला. शकुननं ओंजळ सोडली. पिठाचा चटका बसला.

"असं काहून येऊन राहिलं? तुमी शिकवलं होतं, पीठ गार पाह्यजे. मी म्हणून राहिली यायले, बंद करा. ऐकत नाईत. म्हणतात, वयनीच्या घरी असंच केलं होतं, कातडं चढवलं होतं, मी पाह्यलं."

"मग त्याचं काय झालं ते नाई पाह्यलं वाटते," सुभद्राबाई म्हणाली.

"बाई, सेवा तुमची होती. मी मागितली नवती. पण आता माझ्या दारात गहू हाय आणि देवाचा हाय."

सुभद्राबाई तळव्यावरच्या पिठाकडे पाहत राहिली. ते पीठ शकुनचं नव्हतं आणि तिचंही नव्हतं. कुणाच्या घरची ओंजळ, कुणाच्या घरची शेरभर, रामनाम घेऊन सुपात टाकलेली. तिच्या स्वतःच्या घरचे गहूही त्यातच होते.

तिनं हात झटकला. "अवो," ती आत ओरडली, "तुमी चक्की पाहा. मी आली."

शकुनच्या छपरात धूर कोंडला होता. सूर्यभान एका हातानं राळ चोळत होता, दुसऱ्यानं बादली ओतत होता.

"वयनी, बस आता जमतेच हाय! पट्टाच तेवढा..."

"बंद करा."

"अवो वयनी, पट्टा..."

"सूर्यभान, बंद कर म्हटलं ना!"

थोरली वहिनी एकेरीवर आली की सूर्यभान लहानपणापासून ऐकायचा. इंजिन थांबलं.

"काय काय फिरवलं?"

"स्प्रिंग, कातडं, पेच... राळ."

"एकदमच?"

"एकदमच."

"सगळं जसं होतं तसं कर आधी. मग बोलू."

जळकं पीठ तिनं ढोरांसाठी बाजूला काढायला लावलं. तेवढा गहू शकुननं आपल्या घरातून भरला, आणि एक सूप सुभद्राबाईनं आपल्या घरचं घातलं. इंजिन पहिल्या चालीनं चालू केलं. मूठभर पीठ घेऊन तिनं तिथंच कणीक मळली, दिव्याची वाटी वळली आणि उन्हात ठेवली. चिरली नाही. "आता स्प्रिंग एवढीशीच आवळ. बाकी कशाला हात लावशील तं पाहा." पुन्हा पीठ, पुन्हा वाटी. मग आणखी थोडी. त्या वाटीला भेग पडली. "मागं घे. इथंच. याच्यापुढं नाई."

"वयनी, एवढ्या चालीनं होईन का दिवसाभरात?"

"मधात बंद पडलं नाई तं होईन. सकाळपासून तुझा अर्धा वेळ पट्ट्यापाशीच गेला ना?"

मग ती दगडापाशी बसली ती उठलीच नाही. शकुन दाणा टाकत होती, ती तळवा धरत होती. एकदा शकुन म्हणाली, "बाई, तुमच्या चक्कीचा आवाज लय मोठा यायचा आमच्याकडं. मले वाटायचं, आपलं इंजिन काही मोठ्या आवाजाचं नाई. लोकं लहानच समजत असतीन." सुभद्राबाईनं तिच्याकडे पाहिलं. म्हणजे ही पण! तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. दिवेलागणीच्या आत शेवटचं पोतं रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळामागं पंगत बसली. गोवऱ्यांच्या आरातून काढलेले रोडगे पार्बताबाई पदरानं राख झटकून फोडत होती. वरून खरपूस, आतून मऊ, तूप पिणारे.

"वा वो शकुन!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "असं पीठ तं तुमच्या सासूच्या वेळेलेच खाल्लं होतं. पुढच्या वर्षीही तुझ्याचकडं."

सुभद्राबाई वाढपाच्या रांगेत वरणाची बादली घेऊन उभी होती. तिनं शकुनकडे पाहिलं. आता सांगेल. आता म्हणेल, मावशी, पीठ बाईनं सांभाळलं. शकुननं तोंड उघडलं, पार्बताबाईच्या आनंदलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मान खाली घालून ती हसली.

"चांगलंच हाय पीठ तिचं," सुभद्राबाई म्हणाली, आणि पुढच्या पानावर वरण जरा जास्तच जोरात वाढलं.

शकुननं पंगत उठल्यावर एका फडक्यात थोडं सेवेचं पीठ बांधून आणलं. "दिव्यासाठी, बाई," एवढंच म्हणाली, आणि तिच्या पाया पडून पटकन निघून गेली.

दिवेलागणीला सुभद्राबाईनं ते फडकं सोडलं. पाणी घातलं. कणीक लोण्यासारखी जमून आली. वाटी वळली, तेल ओतलं, वात ठेवली आणि मारुतीपुढं मांडली. हात जोडले, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. ती दिव्याच्या काठाकडे बघत राहिली, आणि एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, तो चिरावा असं तिला मनापासून वाटलं.

तो चिरला नाही.

तिनं काडी ओढली आणि वात लावली.